बोनटाखालचे भजे

गळतीचं मूळ शोधण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही! हे वाक्य गेल्या माघात मी आमच्या अमरावतीच्या घराच्या पोर्चमध्ये, कमरेवर हात ठेवून, बायकोसमोर आणि देवमन दूधवाल्यासमोर मोठ्यानं उच्चारलं. देवमनचं दुधाचं माप हवेतच थांबलं. वाक्यच तसं होतं!

आणि का उच्चारू नये? चाळीस वर्षं मी कीर्तनं ऐकतो आहे. पोस्टमास्तर होतो तेव्हा रजेच्या अर्जावर बाकीचे 'ताप' लिहीत, 'लग्नकार्य' लिहीत. मी सरळ 'कीर्तन' लिहायचो. कीर्तन माणसाला काय शिकवतं? वर दिसतं त्यावर जाऊ नको, मूळ शोध! दुःखाचं मूळ, मोहाचं मूळ, अहंकाराचं मूळ. ज्याला अहंकाराचं मूळ शोधायची सवय, त्याला इंजिनाच्या तेलाचं मूळ ते काय अवघड?

गाडी माझ्या वडिलांची. रामराव त्यांचं नाव. एकोणनव्वद साली घेतलेली, पांढरी, चौकोनी तोंडाची. वडिलांनी ती घरासाठी घेतली हे आईनं कधीच मान्य केलं नाही. "कीर्तनकारायसाठी घेतली," म्हणायची, आणि ते शंभर टक्के खरं होतं. भातकुलीला कीर्तन, चांदूर बाजारला सप्ताह, बुवांना न्यायला आमची गाडी! डिकीत पेटी, मागं बुवा आणि तबलजी, पुढं वडील, आणि त्यांच्या शेजारी टाळांची पिशवी मांडीवर घेऊन मी. त्या गाडीला अजून बुक्क्याचा वास येतो. पुढच्या कप्प्यात वडिलांनी ठेवलेली बुक्क्याची पुडी तशीच आहे. गाडी पुसताना मी ती उचलतो, खालची धूळ झटकतो आणि परत तिथंच ठेवतो.

जानरावबुवा तेव्हा ऐन भरात होते. इंजिनाच्या ठेक्यावर ते नव्या चाली बसवायचे! "रामराव, जरा तिसऱ्यात घ्या, मले मध्यलय पायजे," असं मागून म्हणायचे, आणि वडील मोकळ्या रस्त्यावरसुद्धा निमूटपणे तिसरा गिअर टाकायचे. मागच्या बैलगाडीवाल्यालाही वाटायचं की आपण आता हिच्या पुढं जाऊ!

वडिलांचा एक नेम होता. देवघरात पितळेच्या दोन जोडवाट्या असायच्या. शनिवारी सकाळी एक वाटी तेल मारुतीला. परत आले की बोनट उघडून दुसरी वाटी गाडीला. अर्थात तिला इंजिनाचं, डब्यातलं. "दोघंबी दुसऱ्याचा भार वायतेत बाप्पा," म्हणायचे. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली. नेम मी एका शनिवारीही चुकवला नाही. वाट्याही त्याच.

तर झालं असं, की दिवाळीत आमच्या बायकोनं, आशाबाईनं, पोर्चला पांढऱ्याशुभ्र टाइल्स बसवल्या. तोवर तिथं मुरूम होता. मुरूम बिचारा सगळं पोटात घ्यायचा. टाइल्स घेत नाहीत! रोज सकाळी मधोमध एक काळा ठिपका, गोऱ्या बाळाच्या गालाला तीट लावावी तसा.

"तीट समज आणि सोडून दे," मी म्हणालो.

"तीट लेकराले लावतेत, फरशीले नाई! आता आयका. रविवारी बुवायले अकोल्याले न्याचं हाय, तुमी शब्द देल्ला हाय, मी आडवी येत नाई. पन सोमवारी सकाळी या टाइल्सवर एक थेंब जरी दिसला, तं श्रावण भंगारवाल्याले मी सांगूनच ठेवलं हाय. दहा वाजता येते तो!"

जानरावबुवा आता चौऱ्याऐंशीचे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या मंदिरात सप्ताहाचं कीर्तन करून चिपळ्या खाली ठेवणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आणि मला निरोप धाडला होता, "गोपाल, अकोल्याले पयलं कीर्तन कराले रामरावच्या गाडीत गेलो होतो, शेवटचं बी तिच्यातच." अशी गाडी, आणि सोमवारी दहा वाजता श्रावण! तेव्हाच मी कमरेवर हात ठेवून ते वाक्य उच्चारलं.

पहिला उपाय मी फ्रिजच्या खोक्याचा केला. खोकं उलगडून पुठ्ठा गाडीखाली अंथरला आणि खडूनं त्यावर चार चाकं, इंजिन, गिअरची पेटी अशी घरं आखली. ज्या घरात ठिपका, त्या घरात दोष!

"गाडीची पत्रिका मांडली का?" आशाबाईनं विचारलं.

सकाळी पुठ्ठा ओढला तर इंजिनाच्या घरात काळा ठिपका, आणि गिअरच्या घराजवळ लालभडक! मी हादरलो. लाल म्हणजे गिअरचं तेल! म्हणजे दोन-दोन गळत्या! मी बोटानं घेऊन चोळलं, नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. तेवढ्यात देवमन दूध घेऊन आला, माझ्याकडं पाहिलं आणि कावराबावरा झाला.

"काका, ते... मले वाटलं पुठ्ठा टाकाचाच हाय, म्हून पान थुकलो."

पुढची पंधरा मिनिटं मी नळाखाली हात धुतला. अखेर फोन लावला बशीरभाईंना. बशीरभाई म्हणजे या गाडीचे एकुलते एक डॉक्टर. तीस वर्षं आमच्या चौकात त्यांचं गॅरेज होतं. आता अकोल्याला मुलाकडं, इमरानकडं राहतात.

"सलाम मास्तर! गाडी कशी हाय?"

"गळून राहिली."

"कोठून?"

"खालून!"

"अरे मास्तर, खालून तं सारंच टपकते! तेल निघते वरून, वाहते बाजूनं आन टपकते खालून. थेंब पडला तिथं रोग नसते. सगळ्यात उंच ओली जागा पाहा! पयले इंजन घासून धुवा, कोरडं करा, मंग त्याच्यावर पावडर मारा आन गाडी चालवा. जिथून तेल फुटन तिथं पावडरीत काळी लकीर येईन. तोच रोग!"

मला भरून आलं. हे तर निरूपणच होतं!

"पावडर कोणती, बशीरभाई?"

"अंगाले लावतेत ते. नसन तं पीठ बी चालन, पन..."

आणि फोन कटला. त्या 'पन'च्या पुढं काय होतं, ते मला थेट अकोल्यात कळलं.

शनिवारी सकाळी नेमाप्रमाणं मारुतीला तेल वाहिलं. मग गाडीला. उद्या लांबचा प्रवास म्हणून तिला दोन वाट्या! तेल पाहायची काडी ओढली. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेच्याही वर, पार मुठीजवळ पोहोचलेलं! मन प्रसन्न झालं. कलश कसा काठोकाठ भरलेला असावा!

दुपारी आशाबाई हळदीकुंकवाला गेली आणि मी कामाला लागलो. डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन इंजिन असं घासलं, की देव्हाऱ्यातल्या मूर्तींना हेवा वाटावा. मग पावडर. घरात पावडरीचा डबा एकच, आणि तो आशाबाईचा. त्याला हात लावायची माझी छाती नाही. स्वयंपाकघरात गेलो. ज्वारीचं पीठ होतं, पण ते जरा मळकट. त्याच्या शेजारी स्टीलच्या डब्यात बेसन, छान पिवळंधमक! पिवळ्यावर काळी रेघ किती उठून दिसेल! मी डबा आणि चाळणी उचलली आणि इंजिनावर असं बेसन चाळलं, असं चाळलं, की खंडोबाची जत्राच भरल्यासारखं दिसू लागलं. बोनट लावलं आणि हात जोडले.

रविवारी अकराला बुवांना घेतलं. काठी टेकत आले, आधी बोनटाला हात लावून नमस्कार केला, मग मागच्या सीटवर आपल्या जुन्या कोपऱ्यात बसले. आशाबाई त्यांच्या शेजारी. मी किल्ली फिरवली.

"गोपाल," बुवा कान देऊन म्हणाले, "गाडीचा आवाज जड काहून येऊन राहिला रे?"

"थंडीनं, बुवा."

"थंडीनं गळा बसते. हा बसला नाई, हा दबला हाय."

मी विषय बदलला. बडनेरा मागं पडलं. काचा जराशा खाली होत्या.

"कोनाच्या तरी घरी भजे तळून राह्यले," आशाबाई म्हणाली. "काय वास सुटला!"

पाच किलोमीटर गेलो. दोन्ही बाजूंना नुसता हरभरा आणि तूर.

"अवो, इथं तं घरच नाई! तरी वास मांगं मांगं येऊन राह्यला!"

बुवांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. "ओवा बी हाय."

आरशात पाहायची माझी हिंमत होईना.

"ओवा?" आशाबाई सावकाश म्हणाली. "कालपासून माह्या पिठाचा डबा सापडून नाई राह्यला. टाळकरी मंडळीसाठी भजे कराचे म्हून तिखट, मीठ, ओवा घालून ठेवलं होतं..."

"मी... म्हणजे बशीरभाई म्हणाले..." मी कबुलीजबाब दिला.

"इंजनाले बेसन लावलं? अन् तिखट-मिठाचं? आता मिरच्या बी टाकून घ्या, म्हंजे पुरं होऊन जाईन!"

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. बोनटाच्या फटीतून निळा धूर आणि तो खमंग वास! दोन पोरी आणि त्यांचा बाप सरळ गाडीपाशी आले. बाप म्हणाला, "भाऊ, दोन प्लेट बांधून द्या. चटनी जास्त!" हे विक्रीचे नाहीत असं सांगितल्यावर त्याला राग आला. "मंग रस्त्यावर काहून तळता?"

इकडं आशाबाई पदर खोचून गाडीखाली वाकली होती. वर आली ती तीन बोटं दाखवत. "तीन थेंब! दहा मिनिटांत! श्रावणले फोन लावू का आत्ताच?"

"सोमवार सकाळ ठरलं होतं!" मी केविलवाणा म्हणालो. बुवा चहाची बशी हातात धरून गाडीकडं पाहत होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, गाडीच्या काळजीनं. धुरामुळं होतं. पण मला जे वाटायचं ते वाटून गेलं. वाटलं, वडील असते तर? त्यांनी असल्या हजार वाटा या गाडीतून पार केल्या, एकदाही कोणाचं कीर्तन चुकवलं नाही. आणि मी त्यांची गाडी तळून खाल्ली.

अकोल्याला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि मंदिराच्या दारात गाडीआधी आमचा वास पोहोचला होता. बुवांचं कीर्तन ऐकायला बशीरभाई आधीच येऊन बसले होते. पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी. पूर्वी आमच्या चौकात सप्ताह असला की गॅरेज बंद करून ते ओट्यावर बसत, आणि दुसऱ्या दिवशी बुवांची चाल गुणगुणत पान्यानं नट आवळत. त्यांनी बुवांचे दोन्ही हात धरले, मला मिठी मारली आणि बोनट उघडलं.

बोनटाखाली वरच्या झाकणावर, नळीवर, बाजूंना, जिथं तेल लागलं तिथं तिथं सोनेरी, कुरकुरीत, फुगलेले भजे!

"या अल्ला," बशीरभाई म्हणाले. "मास्तर, म्या पीठ म्हटलं होतं!"

"बेसन पीठच आहे ना?"

"पीठ बी चालन, पन बेसन सोडून, हे सांगून राहिलो होतो! बेसन गरम तेलात फुगते, हे मले गॅरेजवाल्यानं तुमाले सांगाव का?" मग ते वाकले, चष्मा लावला, भजे बाजूला सारून पाहत गेले. "इथं तं पॅकिंग चांगली. सील चांगलं. सगळ्यात उंच ओली जागा म्हंजे हे हवेची नळी. हिच्यातून तेल बाहेर फेकून राहिलं. पन काहून?" त्यांनी काडी ओढली. काडी मुठीपर्यंत काळीकुट्ट. बशीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तेल कधी टाकलं?"

"काल. दोन वाट्या."

"त्याच्या आंधी?"

"त्याच्या आधीच्या शनिवारी. दर शनिवारी टाकतो. वाटीभर. वडिलांचा नेम आहे."

बशीरभाई गाडीला टेकून उभे राहिले. "रामरावजीच्या टायमाले गाडी तेल पीत होती! रिंगा झिजल्या होत्या. हप्त्याले वाटीभर तेल जळत होतं, म्हून मीच सांगितलं होतं, भाऊ, दर शनिवारी वाटीभर टाकत जा! मंग ते गेल्यावर म्या इंजन खोलून नव्या रिंगा टाकल्या. तुमाले सांगितलं नाई का, मास्तर, आता हे तेल पीत नाई म्हून?"

सांगितलं होतं. अगदी शब्दशः सांगितलं होतं. मला वाटलं, गाडीचं व्यसन सुटलं! आनंदच झाला होता. पण आपण प्रसाद थोडाच बंद करतो?

"म्हंजे दहा वर्षं," आशाबाई हळूहळू म्हणाली, "हे वरून वाटीभर टाकून राह्यले, अन् ते बिचारी खालून वाटीभर परत करून राह्यली?"

"अन् काल तं दोन टाकल्या," बशीरभाई म्हणाले.

काठीवर हनुवटी ठेवून बुवा हे सगळं ऐकत होते. "म्या सकाळीच म्हटलं, गळा दबला हाय. अरे गोपाल, पोट भरून कोनी कीर्तनाले उभं राह्यते का?"

चारला कीर्तन सुरू झालं. बाहेर बशीरभाईंनी गाडीखाली घमेलं सरकवलं आणि जास्तीचं तेल काढायला लागले. मी मंदिराच्या खिडकीपाशी बसलो होतो, तिथून मला दोन्ही दिसत होतं: आत बुवा, बाहेर घमेलं. पूर्वरंग अतिशय सुंदर झाला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी आवाज कापत होता, पण लय जागेवर. मी डोळे मिटले. क्षणभर वाटलं, मांडीवर टाळांची पिशवी आहे आणि शेजारी वडील मान डोलवताहेत.

आणि मग बुवांनी दृष्टांत घेतला.

"अमरावतीले एक भक्त होता," बुवा म्हणाले. माझे डोळे उघडले. "त्याले बापाची एक गाडी होती." मी खांबामागं सरकलो. "तो दर शनिवारी तिले तेल वाये!" पुढं बुवांनी काही म्हणजे काही सोडलं नाही. काडी आली, वाटी आली, पुठ्ठा आला, देवमनचं पान आलं (ते आशाबाईनं वाटेत सांगितलं होतं!), बेसन आलं, ओवा आला. मूर्तिजापूरचा तो बाप 'चटनी जास्त' म्हणाला तिथं पेटीवाल्याचे हात सुटले. साडेतीनशे माणसं हसत होती. खिडकीबाहेर बशीरभाई घमेल्यापाशी बसून पोट धरून हसत होते.

मग बुवांनी हात वर केला आणि सगळं शांत झालं.

"पन हसता काहून?" ते हळूच म्हणाले. "बाप गेला. बापाचा हात गेला. त्या हाताची वाटी तेवढी राह्यली. दर शनिवारी हा पोरगा ते वाटी धरते, तवा त्याच्या हातात बापाचा हात असते. वतणाऱ्याचं प्रेम खोटं नोतं, बाप्पा. पन ज्याले वतलं, त्याले एकदा तरी इचाराव, की तुयं पोट भरलं का?"

बायकांच्या बाजूला आशाबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. माझं तर विचारूच नका.

परतताना गाडी अशी चालली, जशी एकोणनव्वद साली चालायची. मोकळा गळा, ना धूर, ना वास. बशीरभाईंनी दोन लिटर तेल काढून बाटल्यांत भरून दिलं होतं आणि भजेही खरवडून काढले होते. बुवांनी चिपळ्या पुढच्या कप्प्यात, बुक्क्याच्या पुडीशेजारी ठेवायला दिल्या. "आता इथंच राहू दे यायले," म्हणाले. बोरगाव मंजू गेल्यावर मागून आवाज आला, "गोपाल, जरा तिसऱ्यात घे. मले मध्यलय पायजे."

मी तिसऱ्यात घेतलं. बुवा गुणगुणू लागले. आशाबाईनं मांडीवर ताल धरला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत होता. वाजव म्हटलं!

सोमवारी सकाळी आशाबाई पोथी वाचायचा चष्मा लावून पोर्चमध्ये उकिडवी बसली. टाइल्स आरशासारख्या! दहाला श्रावण आला. तिनं त्याला फ्रिजचा पुठ्ठा दिला आणि चहा पाजून परत पाठवलं. आणि गाडीसाठीची ती दुसरी वाटी उचलून कुठंतरी अशी ठेवून दिली, की मूळ शोधण्यात तरबेज असूनही मला ती आजवर सापडलेली नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारची गोष्ट. मारुतीला तेल वाहून मी परत येत होतो. वाटीच्या तळाशी थोडं उरलं होतं. पाय आपोआप गाडीपाशी थांबले, हात आपोआप बोनटाकडं गेला. मी काही टाकणार नव्हतो हो! नुसता हात गेला. तेवढ्यात मागून आशाबाईनं तो हात, वाटीसकट, गच्च धरला. गळतीच्या बाबतीत माझा हात कोणी धरण्याची ही पहिलीच वेळ.

वाटी कलंडली. पांढऱ्या टाइलवर, बरोबर मधोमध, टपकन एक थेंब पडला.

आशाबाईनं आधी थेंबाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सापडली गळती!" ती म्हणाली. "श्रावणले बलावू का?"